‘धिस मोमेंट’ : ‘शक्ती’ समूहाच्या उत्तरकालीन अल्बमविषयी श्रोत्यांमधील मतभेद

प्रस्तावना :
दीर्घकाळ गाजलेल्या कलावंतांची नवी निर्मिती श्रोता कोऱ्या मनाने ऐकत नाही. पूर्वीच्या निर्मितीची आठवण त्याच्या कानात असते. जयपूर घराण्याची तालीम लाभलेल्या किशोरी आमोणकर यांनी घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले, तेव्हा महाराष्ट्रातील रसिकांत झालेले वाद सर्वश्रुत आहेत. जॅझ आणि भारतीय रागसंगीत यांचा मेळ घालणाऱ्या ‘शक्ती’ या समूहाच्या २०२३ मधील ‘धिस मोमेंट’ या अल्बमबाबतही श्रोत्यांची मते विभागली गेली. प्रस्तुत लेखात या मतभेदाची कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिन, माहीम येथे जन्मलेले तबलावादक झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांनी १९७० च्या दशकात हा समूह उभा केला. त्याचा पहिला अल्बम म्हणजे जुलै १९७५ मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयात झालेल्या मैफलीचे मुद्रण होय. १९७७ पर्यंत आणखी दोन अल्बम आले आणि त्यानंतर समूह थांबला. १९९७ पासून ‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने तो नव्या रूपात उभा राहिला. मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकरामांचे पुत्र सेल्वगणेश आणि गायक शंकर महादेवन हे या पर्वात सामील झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ हा अल्बम मुंबईतील मैफलींतून आकारास आला. २०१४ मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. पुढे व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन समूहात आले. ‘धिस मोमेंट’ हा १९७७ नंतरचा, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी आलेला समूहाचा स्टुडिओ-अल्बम होय.

मतभेदाचे तीन मुद्दे :
१) गिटारचा नाद : पहिल्या पर्वात मॅक्लाफ्लिन विजेविना वाजणारी, तरफेच्या तारा बसविलेली खास गिटार वाजवीत. नव्या अल्बममध्ये विद्युत गिटार आणि सिंथेसायझरचे स्वर आहेत. जुन्या श्रोत्यांना लाकडाचा आणि तारेचा तो नाद हवा असतो. मात्र विद्युत गिटार समूहात १९९७ नंतरच आलेली होती. त्यामुळे ही तक्रार केवळ या अल्बमची नसून संपूर्ण दुसऱ्या पर्वाची आहे.

२) गायनाचे स्थान : मूळ ‘शक्ती’ हा प्रामुख्याने वाद्यांचा संवाद होता. आता कंठस्वर मध्यभागी आल्याने वाद्ये काही ठिकाणी साथीला जातात, असा एक पक्ष आहे. भारतीय परंपरेत मात्र कंठसंगीतच अग्रस्थानी मानले जाते. शिवाय श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५ च्या चित्रपटात पंडित भानुशंकरांची भूमिका करणारे शंकर महादेवन मराठी श्रोत्याला परके नाहीत. जॅझच्या वाटेने आलेल्याला जो बदल वाटतो, तोच रागसंगीताच्या वाटेने आलेल्याला स्वाभाविक वाटू शकतो.

३) मुद्रणाची पद्धत : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. महासाथीच्या काळात सदस्यांनी आपापल्या ठिकाणी वादन-गायन मुद्रित केले आणि ते नंतर एकत्र जोडण्यात आले. प्रत्यक्ष मैफलीत तबलावादकाने तिहाईला सुरुवात केली की सहवादक ती ओळखून समेकडे वळतो आणि त्याच्या वळण्याने तबलजीचाही पुढचा विचार बदलतो. वेगवेगळ्या मुद्रणात नंतर वाजवणारा आधीच्याला उत्तर देऊ शकतो, पण आधी वाजवलेल्याला ते उत्तर ऐकून बदलता येत नाही. संवाद एका दिशेने वाहतो. ज्यांच्या लेखी ‘शक्ती’ म्हणजे क्षणात घडणारे सहवादन, त्यांना येथे उणीव भासते. याउलट, बांधीव रचना आणि वाद्यांचा सुस्पष्ट मेळ यांना महत्त्व देणाऱ्यांना हाच अल्बम परिपक्व वाटतो. ‘गिरिराज सुधा’ ही त्यागराजांची रचना मुंबईच्या अल्बममध्ये आणि ‘धिस मोमेंट’मध्येही आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास हा फरक कोणालाही पडताळता येईल. मुंबईच्या मुद्रणात सभागृहातील श्रोतेही सहभागी आहेत; नव्या मुद्रणात त्यांची जागा रिकामी आहे.

ऐकण्याचा क्रम :
पूर्वी असे संगीत ध्वनिमुद्रिका किंवा कॅसेट मिळवून ऐकावे लागे. आज मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही १९७६ चा आणि २०२३ चा अल्बम एकाच भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहे. तो कदाचित नवा अल्बम आधी ऐकेल. त्याच्या दृष्टीने गायनासहित ‘शक्ती’ हीच मूळ ‘शक्ती’ ठरेल. म्हणजेच मत बनण्यात ऐकण्याच्या क्रमाचाही वाटा असतो.

समारोप :
४ फेब्रुवारी २०२४ रोजी या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याने वाद मिटला असे म्हणता येत नाही, कारण हा वाद मुळात गुणवत्तेचा नव्हता. ‘शक्ती’ हे नाव कशाला द्यावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि पुढचा अल्बम अपेक्षापूर्ती करील, ही वाट बंद झाली. त्यांच्यासह समूहाने केलेला हा अखेरचा स्टुडिओ-अल्बम ठरला. त्यामुळे तो १९७५ च्या मैफलीची प्रतिकृती म्हणून न ऐकता, एकत्र बसणे अशक्य असताना एकमेकांचे संगीत पूर्णपणे ओळखणाऱ्यांनी काय साधले, या दृष्टीने ऐकणे अधिक न्याय्य ठरेल. उणीव जाणवली तरी ती नेमकी कशाची, हे तेव्हाच उमगेल.