घोडा साल का सोलतो?

चेन्नईत मरीना किनाऱ्यावर फेऱ्या मारणारा असो की गिंडीच्या तबेल्यातला शर्यतीचा, घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपतं. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. म्हणून कुरणात तो सोळा-सोळा तास चरतो. शहरात भरड्याचा खुराक बघता बघता फस्त. मग दात लागतात गव्हाणीच्या कडेला, खुंट्याला, झाडाच्या सालीला. मालक याला खोड म्हणतात; बऱ्याचदा ती वाळक्या चाऱ्याची भूक असते, कधी निव्वळ कंटाळा. गवत वाढवून बघावं, मग चाबूक.

कुंपणाकडेच्या कण्हेरीपासून मात्र घोडा लांब बांधावा. तिची मूठभर पानं हृदय बंद पाडतात, आणि पान वाळलं तरी विष उतरत नाही.