इशारा वाचल्यावांचून बटन दाबूं नये

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु सर्वांची असली म्हणजे तिची काळजी कोणाचीच नसते, हा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतील संगणकाची हीच स्थिति होती. त्यावर ‘थंडरबर्ड’ नांवाचा ई-मेलचा प्रोग्राम असून घरांतील सर्वांचें सामायिक टपाल त्यांत येतें. विजेचीं बिलें, विम्याच्या पावत्या, मुलांच्या शाळांचीं पत्रकें, सर्व कांहीं तेथेंच. मधूनमधून पडद्यावर एक चौकट उमटे. समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवतां येत नाहीं, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तींत असे, आणि खालीं ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ असें बटन असे. ज्याच्या दृष्टीस ती चौकट पडे, तो बटन दाबून मोकळा होई. आम्हीहि त्यास अपवाद नव्हतों. ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असें विद्यार्थ्यांस जन्मभर बजावीत आलों. आणि येथें मात्र प्रश्न न वाचतांच ‘होय’ असें उत्तर देत होतों, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. धाकट्या बंधूंच्या कन्येच्या महाविद्यालय-प्रवेशाचें पत्र याच टपालांत यावयाचें होतें, व सायंकाळीं पांचाच्या आंत त्यास उत्तर धाडणें अवश्य होतें. आदल्या दिवशीं वादळानें वीज गेली, ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं आली. संगणक सुरू करतों तों ती चौकट पुढें उभी! त्यांत आणखी एक अडचण. त्या खात्याचा पासवर्ड संगणकाच्या स्मरणांतच काय तो राहिला होता. घरांत तो कोणासहि आठवेना. त्यामुळें मोबाइलवर पत्र उघडण्याची सोय नव्हती. पुतणीचा चेहरा उतरला. आमचा नातू माउसवर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, दाबूं का?”

“थांब,” आम्ही म्हणालों, “आधीं काय लिहिलें आहे तें मोठ्यानें वाच.”

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं हें प्रमाणपत्र म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपला प्रोग्राम टपाल आणावयास सर्व्हरकडे जातो, तेव्हां पासवर्ड देण्यापूर्वीं तो त्या सर्व्हरची ओळख मागतो. सर्व्हर आपलें प्रमाणपत्र पुढें करतो. त्यांत मुख्यतः तीन गोष्टी असतात: तें कोणाच्या नांवाचें आहे, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत चालेल, आणि त्यावर कोणत्या संस्थेची सही आहे. मामलेदार कचेरींतील दाखला आपण याच तीन दृष्टींनीं पाहतों. विश्वासास पात्र अशा संस्थांची यादी प्रोग्रामजवळ असते. थंडरबर्ड आपली स्वतःची यादी बाळगतो, तर आउटलुक हा विंडोजची यादी मानतो. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे आपणांस कांहींच दिसत नाहीं, व टपाल मुकाट्यानें येतें. एक जरी चुकली, तरी इशारा उमटतो. अशा वेळीं आपण ‘होय’ म्हटलें, तर प्रोग्राम आपल्या स्मरणांतील पासवर्ड समोरच्याच्या हवालीं करण्यास मोकळा होतो. पुन्हां आपणांस विचारीत नाहीं. ज्याच्या हातीं ई-मेलचा पासवर्ड गेला, त्याच्या हातीं पुष्कळ वेळां घरचीं इतर खातींहि जातात. कारण विसरलेला पासवर्ड बदलण्याचीं पत्रें याच टपालांत येतात.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. नातवानें वाचून दाखविलें, त्याचा अर्थ असा कीं, प्रमाणपत्र या घटकेस ग्राह्य नाहीं. घटका म्हटल्याबरोबर आमची दृष्टि पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळाकडे गेली. तेथें १ जानेवारी २००९ ही तारीख होती! प्रमाणपत्र खरें होतें. आमचा संगणकच मागच्या काळांत जाऊन बसला होता. प्रमाणपत्राचा आरंभ त्याच्या लेखीं अजून व्हावयाचा होता. संगणकाच्या पोटांत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. वीज नसतां घड्याळ चालविण्याचें काम त्याचें. आमचा सेल वर्षानुवर्षें सेवा करून संपला होता. आम्हीं तारीख व वेळ हातानें बरोबर लावली, प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडला, आणि इशारा नाहींसा होऊन पत्र आलें. साडेतीनला उत्तर रवाना झालें. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून ‘सीआर २०३२’ या खुणेचा, ३ व्होल्टचा सेल आणून बसविला. तेव्हांपासून तो रोग उद्भवला नाहीं.

या प्रसंगानंतर आम्हीं हा विषय मन लावून पाहिला. इशारा आला असतां पहिला प्रश्न असा करावा कीं, तो फक्त आपल्याच यंत्रावर येतो कीं सर्वत्र? घरांतील दुसऱ्या संगणकावर तेंच खातें नीट चालत असेल, तर दोष आपल्या यंत्रांत शोधावा: घड्याळ, फार जुना झालेला प्रोग्राम, अथवा अँटिव्हायरस. सर्वांकडे तोच इशारा येत असेल, तर दोष बहुधा सर्व्हरचा. आणि केवळ एखाद्या लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर येत असेल, तर तें वाय-फाय सोडून द्यावें. मोबाइलच्या इंटरनेटवरून टपाल पाहावें.

आतां एकेक प्रकार. मुदत संपल्याचा इशारा असून आपलें घड्याळ बरोबर असेल, तर सर्व्हरच्या चालकांनीं प्रमाणपत्राचें नूतनीकरण केलेलें नाहीं, असें समजावें. तेथें आपणांस करण्यासारखें कांहीं नाहीं. त्यांस फोन करावा व थांबावें. हा प्रकार पुढें अधिक दिसण्याचा संभव आहे. कारण मुदतीच आंखूड होत चालल्या आहेत. पूर्वीं जास्तींत जास्त ३९८ दिवसांचें प्रमाणपत्र मिळे. ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस व २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस करावी, असें २०२५ सालीं ठरलें आहे. खोटें प्रमाणपत्र निघालेंच, तरी तें फार काळ चालूं नये, हा यांतील हेतु.

दुसरा प्रकार नांव न जुळण्याचा. आउटलुकमध्यें ‘टार्गेट प्रिन्सिपल नेम’ चुकीचें आहे, असे शब्द येतात ते हेच. आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेंत हा घोळ झाला होता. संस्थेचें टपाल भाड्याच्या सर्व्हरवर. प्रमाणपत्र त्या सर्व्हरच्या मालकाच्या नांवाचें. आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्यें मात्र संस्थेचें स्वतःचें नांव घातलेलें. एका घराच्या दारावर दुसऱ्याच नांवाची पाटी, अशांतला प्रकार. मालकानें कळविलेलें सर्व्हरचें नांव सेटिंगमध्यें अक्षरशः लिहिल्याबरोबर तंटा मिटला. तें नांव मात्र चौकटींत दिसतें म्हणून तेथून उचलूं नये. मालकास विचारून खात्री करून घ्यावी.

तिसरा प्रकार सही करणारा अनोळखी असण्याचा. याचें एक निरुपद्रवी कारण म्हणजे अँटिव्हायरस. तो आलेलें टपाल वाटेंत तपासतो, व त्यासाठीं सर्व्हरच्या प्रमाणपत्राऐवजीं आपण केलेलें प्रमाणपत्र पुढें करतो. देवडीवरच्या पहारेकऱ्यानें पाकीट फोडून पाहावें व स्वतःची लाख लावून आंत द्यावें, तसें हें आहे. त्याची मुद्रा विंडोजच्या यादींत असते, परंतु थंडरबर्डच्या यादींत नसली कीं तो अडून बसतो. अशा वेळीं अँटिव्हायरसमधील ई-मेलची तपासणी बंद करून पाहावी. एवढें करूनहि सही करणारा अनोळखीच राहिला, तर मात्र सावध व्हावें. मध्यें कोणी खराच उपटसुंभ उभा असण्याचा संभव येथें आहे.

हा संभव काल्पनिक नव्हे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं पडते. त्या मुद्रेनें अंकित झालेलें कपटपत्र मलयकेतूस खरें वाटतें, आणि राक्षसाचा सारा बेत धुळीस मिळतो. मुद्रा खरी, पण लावणारा खोटा! हुबेहूब असाच प्रकार २०११ सालीं घडला. नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ ही प्रमाणपत्रें देणारी संस्था. तिच्या संगणकांत चोर शिरले व त्यांनीं गूगलच्या नांवाचें खोटें प्रमाणपत्र तिच्या सहीनें काढून घेतलें. इराणांतील जीमेल वापरणाऱ्यांवर त्याचा प्रयोग झाला. सही मान्य संस्थेची. त्यामुळें बहुतेकांस कांहींच दिसलें नाहीं. परंतु गूगलच्या क्रोम या ब्राउझरांत स्वतःच्या घरची मुद्रा कोणती, याची निराळी खूण ठेवलेली होती. त्यानें इशारा दिला. ऑगस्टच्या अखेरीस इराणांतील एका मनुष्यानें तो इशारा पाहून बटन न दाबतां जाहीरपणें विचारणा केली, आणि कपट उघडकीस आलें. सप्टेंबरांत त्या संस्थेचें दिवाळें वाजलें. एका सामान्य मनुष्याच्या सावधपणानें केवढें कार्य केलें पाहा.

हें वाचल्यावर आम्हांस स्वतःच्या जुन्या बटनांची आठवण झाली. थंडरबर्डच्या सेटिंगमध्यें ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागांत प्रमाणपत्रें पाहण्याची सोय आहे; तेथें ‘सर्व्हर्स’ या सदराखालीं कायमच्या दिलेल्या सवलतींची यादी मिळते. आमच्या यादींत चार सवलती निघाल्या. कोणी दिल्या, कां दिल्या, हें घरांत कोणासच सांगतां येईना. कदाचित् चारहि आमच्याच हातच्या असतील. चारहि काढून टाकल्या, टपालाचा पासवर्ड बदलला, व तो वहींत लिहून वहिनींच्या कपाटांत कुलपांत ठेवला. टपाल पूर्वींसारखेंच येतें.

आतां आमच्या घरीं एक नियम झाला आहे. चौकट आली कीं पाहणाऱ्यानें ती मोठ्यानें वाचावी. तारीख, नांव व सही यांपैकीं काय चुकलें तें सांगावें, आणि कळलें नाहीं तर बटनास हात न लावतां दुसऱ्यास हांक मारावी. परवां आम्हीच घाईनें ‘होय’ म्हणावयास निघालों, तों नातू मागून म्हणाला, “आजोबा, आधीं मोठ्यानें वाचा.” आम्हीं वाचलें.