तीन स्वरांचा काळोख

'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या बँडचा पहिला अल्बम पावसाच्या आवाजाने सुरू होतो. दूरवर ढग गडगडतात, चर्चची घंटा वाजते आणि मग गिटार एकदम अंगावर येते. १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या या अल्बमचे, त्यातल्या या पहिल्या गाण्याचे आणि बँडचेही नाव एकच. हेवी मेटल संगीताचा उगम अनेक जाणकार याच गाण्यात शोधतात. पाऊस आणि घंटा मागाहून जोडलेल्या आहेत. त्या वगळल्या तरी गाण्यातली भीती उणावत नाही, कारण ती गिटारच्या तीन स्वरांत आहे.

बँडचा गिटारवादक टोनी आयोमी आधी खालचा जी वाजवतो, मग वरच्या सप्तकातला जी, आणि तिथून उतरून सी शार्पवर थांबतो. जी हा षड्ज मानला तर ही चाल मध्य सा, तार सा आणि तीव्र मध्यम अशी होते. षड्ज आणि तीव्र मध्यम यांत सहा अर्धस्वरांचे, म्हणजे नेमके अर्ध्या सप्तकाचे अंतर असते. षड्ज-पंचमाच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर दोनास तीन इतके सोपे असल्याने ती जोडी कानाला स्थिर वाटते. तीव्र मध्यमाचे गुणोत्तर इतके सुटसुटीत नसते, म्हणून कान अधांतरी राहतो. युरोपात या अंतराला सैतानाचे नाव चिकटले. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती ही कथा मात्र पुराव्याअभावी सोडूनच द्यावी. चालीचे मूळ जवळचे आहे: बेस गिटार वाजवणारा गीझर बटलर संगीतकार हॉल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला मंगळाचा भाग वाजवत असे आणि त्यावरून आयोमीला ती सुचली.

तीव्र मध्यम यमनातही असतो, पण यमन कुणाला घाबरवत नाही. तिथे त्याच्या आजूबाजूला गंधार, पंचम, धैवत, निषाद असतात आणि तो त्यांच्यात मिसळून जातो. इथे त्याला सोबत नाही. लय कमालीची संथ आहे. आयोमी त्या स्वरावर बोट ठेवून वरच्या स्वराला, म्हणजे पंचमाला, भराभर स्पर्श करतो, पण तिथे न्यास करत नाही. विश्रांती हाताशी येते आणि निसटते. गाण्याची खरी करामत हीच.

या शैलीत आयोमीच्या हाताचाही वाटा आहे. तो डावखुरा, म्हणजे तारा उजव्या हाताने दाबणारा. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे तुटले. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टचा डावा हात भाजला होता आणि तो मुख्यतः दोनच बोटांनी वाजवत असे. आयोमीने साबणाच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या आणि त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत नसल्याने त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. अशा तारा ओढून स्वर चढवणे, म्हणजे आपल्या सतारियाच्या मींडेसारखे काम, सोपे जाते.

त्याचा भर असतो पॉवर कॉर्डवर. या कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच असतात. गंधार नसल्याने ती ना प्रसन्न ना खिन्न, नुसती भरीव लागते. गिटारचा संकेत ॲम्प्लिफायरच्या कुवतीपलीकडे वाढवला की लहरींचे माथे छाटले जातात, नवे उपस्वर तयार होतात आणि आवाज खरखरीत, दाट होतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. आयोमी गिब्सन एसजी गिटार, लेनी कंपनीचा ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी जोडलेली, तार स्वरांना जोर देणारी एक लहानशी पेटी वापरत असे. तरीही गाण्याचा दरारा निव्वळ मोठ्या आवाजाचा नाही. ऑझी ऑझबर्न गाऊ लागला की गिटार जवळजवळ कुजबुजते, बिल वॉर्डचे ड्रम मोजके पडतात, आणि कडव्यानंतर तीच चाल पुन्हा पूर्ण जोराने कोसळते. सहा मिनिटांच्या या गाण्यात शेवटी लय अचानक दौडू लागते आणि आयोमीला सोलो वाजवायला मोकळीक मिळते. संथपणाची इतकी सवय झालेल्या श्रोत्याला ती दौड सुटकेची नव्हे, पळापळीची वाटते.

आज जड आवाजासाठी गिटारच्या तारा खाली उतरवण्याची पद्धत आहे आणि तिचे श्रेय बहुधा या गाण्यालाही दिले जाते. ते चूक आहे. इथे तारा नेहमीच्याच पट्टीत आहेत. आयोमीने त्या दीड स्वर उतरवल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी.