तीन मीटरचा भुंगेरा, पाऊण मिलिमीटरचे आटे

२०१६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांचे कीटकांचे फोटो लागले. मूळ कीटक सेंटिमीटरभराचे, फोटो तीन मीटरपर्यंतचे. ३०० पट! याच हिशेबाने साडेपाच फुटांचा माणूस अर्धा किलोमीटर उंच होईल. एकेका कीटकासाठी सुमारे ८,००० फोटो काढून जोडलेले, आणि दोन फोटोंमध्ये कॅमेरा सरकायचा तो फक्त १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

यामागची जुळणी तशी साधी: कॅमेरा, त्यावर २०० मिलिमीटरची लेन्स आणि लेन्सच्या तोंडाशी सूक्ष्मदर्शकाचं १० पटींचं ऑब्जेक्टिव्ह. अशा जुळणीत लेन्स आणि ऑब्जेक्टिव्ह यांची गाठ घालून देते ती धातूची एक रिंग. सरंजामातली बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि आकड्यांचा खरा गोंधळ तिच्यातच.

आधी आटे बघा. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये एक माप ठरवलं: व्यास ०.८ इंच, इंचाला ३६ आटे. ‘आरएमएस’ नावाचं हे माप आजही वापरलं जातं. मिटुटोयो कंपनीच्या प्लॅन अपो ऑब्जेक्टिव्हचा व्यास २६ मिलिमीटर, पण आटे तेच, इंचाला ३६. म्हणजे पिच, लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, ०.७०६ मिलिमीटर. निकॉनची कित्येक ऑब्जेक्टिव्ह २५ मिलिमीटरची, पिच पाऊण मिलिमीटर. आता २६ मिलिमीटरची, पण पाऊण पिचची रिंग मिटुटोयोला लावून बघा. फरक आट्यामागे ०.०४४ मिलिमीटर. पाच आट्यांत तो ०.२२ मिलिमीटरवर जातो. सुरुवातीला रिंग गुमान फिरते, मग जाम होते. तिथे जोर लावला की महागड्या ऑब्जेक्टिव्हचे आटे गेलेच. ४२ मिलिमीटरच्या रिंगांचंही तसंच: टी-२ नावाच्या रिंगेची पिच ०.७५, जुन्या प्रॅक्टिका-पेंटॅक्स लेन्सची १. व्यास सारखा म्हणून हात फसतो.

दुसरा आकडा अंतराचा. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर १६० (सूक्ष्मदर्शकाच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) कोरलेलं असेल, तर ते स्वतःच प्रतिमा तयार करतं, आट्यांलगतच्या खांद्यापासून साधारण १५० मिलिमीटरवर. कॅननच्या ईएफ बॉडीत माउंट ते सेन्सर ४४ मिलिमीटर आधीच खर्ची पडतात, म्हणून रिंगा आणि नळ्या मिळून १०६ भरायचे. सोनीच्या ई-माउंटमध्ये १८च जातात; तिथे १३२ लागतात. आडवा आठ, म्हणजे अनंताचं चिन्ह, कोरलेला असेल तर मात्र मध्ये लेन्स हवीच. निकॉन आणि मिटुटोयो २०० मिलिमीटरची लेन्स गृहीत धरतात, ऑलिंपस १८०ची. मिटुटोयोचं १० पटींचं ऑब्जेक्टिव्ह १०० मिलिमीटरच्या लेन्सवर चढवलं, तर हाती पाचच पट येते.

आता या रिंगेपलीकडे काय मापाचं जग आहे ते पाहू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. दहा पटींना चौकटीत मावतो ३.६ बाय २.४ मिलिमीटरचा तुकडा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलच्या वाट्याला कीटकाचा ०.६ मायक्रॉन येतो. मिटुटोयोच्या १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हचं न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर (प्रकाश किती रुंद कोनातून आत येतो त्याचं माप) ०.२८ आहे, त्यात स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ७ मायक्रॉनचा. पाच-पाच मायक्रॉन सरकत दोन मिलिमीटर खोलीचं डोकं टिपायचं तर ४०० फोटो झाले, आणि तेही एका चौकटीचे. अशा चौकटी शेजारी शेजारी मांडल्या की ८,००० म्हणजे उगाच फुगवलेला आकडा वाटत नाही.

रिंग सरळ बसणं का महत्त्वाचं, तेही इथेच कळतं. ऑब्जेक्टिव्ह अर्ध्या अंशाने तिरपं बसलं, तर ३.६ मिलिमीटरच्या चौकटीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फोकस ३१ मायक्रॉन घसरतो, स्पष्ट थराच्या चौपटीहून जास्त. फुलपाखराच्या पंखाचा सपाट तुकडा घ्या. एका कडेचे खवले मोजता येतील, दुसऱ्या कडेला नुसता रंग.

म्हणून खरेदीआधी ऑब्जेक्टिव्हचा व्यास, पिच आणि लागणारं अंतर कागदावर लिहून काढा. विक्रेत्याच्या पानावर फक्त ‘२६ मिलिमीटर’ लिहिलेलं असेल, तर पिच विचारा. टर्नरकडून रिंग करून घेणार असाल, तर पिचच्या जोडीला आट्यांचा कोनही सांगा: आरएमएसचा ५५ अंश, मेट्रिकचा ६०.