पिंपात आधी काय होतं?

मे संपत आला की रत्नागिरीच्या आसपास भंगारवाल्यांच्या दारात निळी पिंपं रचलेली दिसू लागतात. दोनशे लिटरची, माथ्यावर दोन बुचं. पागोळीचं पाणी धरायला, फवारणीचं औषध कालवायला, जीवामृत आंबवायला बागायतदाराला पिंप लागतंच, आणि नव्यापेक्षा जुनं बरंच स्वस्त पडतं.

मीही गेलो. यात काय होतं, म्हणून विचारलं.

"साबण होता काका. पातळ साबण."

शेजारच्यात?

"त्यातपण साबणच."

सगळ्याच पिंपांत साबण! मग आख्खं कोकण एव्हाना फेसाळून जायला हवं होतं. माझ्याबरोबर आमचे शेजारी होते. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत त्यांची सगळी नोकरी केमिकलमध्ये गेली. ते भंगारवाल्याशी बोललेच नाहीत, वाकून पिंपं वाचू लागले. बुडाशी त्रिकोणात २ चा आकडा, म्हणजे एचडीपीई. वर '1एच1', म्हणजे प्लास्टिकचं, बंद माथ्याचं पिंप. त्रिकोणातला आकडा पाहून पिंप खाण्यापिण्याचं आहे असं मानणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, पोटात काय होतं ते नाही.

लेबल खरवडलेलं प्रत्येक पिंप त्यांनी बाजूला सारलं. एकाला कीटकनाशकाचा उग्र दर्प होता. असं पिंप कितीही धुतलं तरी उपयोग नसतो. तेलकट रसायन भिंतीतच मुरतं आणि उन्हात तापलं की पुन्हा सुटू लागतं. 2016 च्या घातक कचरा नियमांत विषारी रसायनांची रिकामी पिंपंही घातक कचराच ठरतात. ती धुण्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या जागीच व्हायला हवं. प्रत्यक्षात ती साबणाची होऊन वाडीवाडीत पोचतात.

शेवटी अर्धं लेबल शाबूत असलेलं एक मिळालं : ॲसिटिक ॲसिड. व्हिनेगरमधलंच, पण कातडी भाजणारं. पाण्यात पूर्ण विरघळतं, म्हणून चालेल असं ठरलं.

धुण्याचं काम तासाभराचं. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पहिल्यांदा वीस-पंचवीस लिटर पाणी, बुचं घट्ट, मग अंगणात लोळवायचं, एकदा उभं, एकदा उलटं. दुसऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा. या वेळी बुचं उघडीच, कारण आत फसफसून वायू सुटतो आणि बंद पिंप फुगतं. तिसरं पाणी नुसतं. मी हौसेने टीसीएलची पूड आणली होती, तर शेजारी खेकसले. आम्लात टीसीएल पडलं की क्लोरीन सुटतो.

पाऊणशे लिटर पाणी गेलं. वाडीत टँकर चालू असताना पाणी साठवण्याच्या पिंपासाठी तेवढं पाणी ओतताना हात जड होत होता. पाऊस पडल्यावर धुवू, असंही सुचलं होतं. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जांभा म्हणजे दगडाची चाळण. अंगणात सांडलेलं विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून सगळं धुवण टबात धरलं, सोडा घालून लिटमस कागदाने तपासलं आणि विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला ओतलं. विषाचं पिंप असतं तर हे धुवणही विषच झालं असतं. ते ओतायला जागा नाही.

माथा कापायचा होता. पुतण्या ग्राइंडर घेऊन हजर. त्याला तसाच परत पाठवला. रिकाम्या पिंपात पेट घेणारी वाफ उरलेली असेल तर एक ठिणगी पुरते. भरलेल्यापेक्षा रिकामं पिंप वाईट ते यासाठी. कापायच्या रेषेपर्यंत पाणी भरून हातकरवतीने माथा उतरवला. ते पाणी पुढे लादी धुवायला वापरलं.

दिवसभर उन्हात ठेवल्यावर वास आला नाही. "नाकावर जाऊ नका," शेजारी म्हणाले. घरातून ऑइलपेंट आणून त्यांनीच पिंपावर ठळक अक्षरांत लिहिलं : ॲसिटिक ॲसिडचं होतं. झाडांसाठी. पिण्याचं पाणी भरू नये.

मग पन्हळीखाली ते सरकवून आम्ही आभाळाकडे पाहत बसलो.