पाणी गळते, तरी डोळा कोरडाच
लेखमाला : डोळ्यांची राखण, भाग ७

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरचा मागचा भाग वाचून बरीच पत्रे आली आणि त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटली. ऑपरेशन चांगले झाले, दिसायला लागले, पण डोळा खुपतो, चुरचुरतो, संध्याकाळी उघडा ठेववत नाही. रावेरकडच्या एका वाचकांनी सरळच विचारले आहे : ‘दिवसभर डोळ्यांतून पाणी गळते आणि डॉक्टर म्हणतात, तुमचे डोळे कोरडे आहेत. हे कसे?’ या एका प्रश्नात सगळा आजार सामावलेला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डोळ्यात दोन तऱ्हेचे पाणी येते. एक अगदी थोडे, अखंड झिरपणारे. दर वेळी पापणी लवली की ते बुबुळावर पातळ पसरते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरे कांदा चिरताना, धूर लागला की किंवा रडताना वाहणारे. पहिल्या पाण्याचा थर फाटला की बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथले मज्जातंतू ओरड करतात आणि मेंदू दुसऱ्या प्रकारचे पाणी सोडून देतो. ते धो धो येते आणि गालावरून निघून जाते. डोळ्यावर टिकून राहण्याचे गुण त्याच्यात कमी असतात. रावेरच्या वाचकांचे पाणी हे असे आहे. ‘डोयामा कचरा गया’ म्हणत माणूस दिवसभर डोळा चोळतो, आरशासमोर पापणी उलटून पाहतो, आणि कचरा काही सापडत नाही, त्याचेही कारण हेच.

टिकून राहणारा थर तीन गोष्टींनी बनतो. बुबुळाला चिकटून बसणारा बुळबुळीत अंश, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. खान्देशात शेवभाजी वाढताना वरच्या तर्रीकडे पाहा. तर्री आहे तोवर रस्सा वाफाळत नाही, गरम राहतो. तर्री बाजूला केली की वाफ निघू लागते. डोळ्यावरचे तेल हेच काम करते, खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या बारीक ग्रंथींतून येते. एकेका पापणीत त्या वीस ते चाळीसच्या घरात असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. डोळे कोरडे पडणाऱ्या बहुतेकांत पाणी पुरेसे तयार होत असते, बिघाड या तेलात असतो. पाणी मुळातच कमी असणारे रुग्ण त्या मानाने थोडे, आणि पुष्कळांत दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

आता आपल्या भागाचा विचार करू. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ अंशांवर ठाण मांडतो, काही दिवस ४५ ओलांडतो. त्यापेक्षाही डोळ्याला जाच होतो तो दुपारच्या हवेतला ओलावा आटल्याचा आणि झळांचा. तेलाचा पापुद्रा धडधाकट असेल तर माणूस हा काळ काढून नेतो. तो आधीच विरळ असेल तर एका उन्हाळ्यात त्रास उघडा पडतो. पण हा उन्हाळ्याचाच आजार समजू नये. धुळ्यात कृषी महाविद्यालयातल्या नीचांकी तापमानाची बातमी येते ते हिवाळ्याचे दिवसही तितकेच कोरडे. पावसाळ्यात बरे वाटते आणि माणूस उपचार सोडून देतो, मग ऑक्टोबरमध्ये पहिले पाढे पंचावन्न.

हवा आपल्या हातात नाही, पण हवेचा झोत आहे. इथे कूलरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खान्देशातले निम्मे घर उन्हाळ्यात कूलरसमोर झोपते. कूलर हवेत ओलावा घालतो, त्यामुळे एसीच्या खोलीपेक्षा कूलरची खोली डोळ्याला मानवते. पण खाट थेट त्याच्या तोंडापुढे टाकली तर वारा रात्रभर पापण्यांवर आदळतो. कित्येकांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, खालची फट उघडी राहते. सकाळी उठताना डोळा चिकटलेला असेल, उघडताना ओरखडा उठल्यासारखे होत असेल, तर घरातल्या कुणाला तरी रात्री मंद उजेडात पापण्यांकडे पाहायला सांगा. फट दिसली तर कूलरचे तोंड भिंतीकडे वळवायचे आणि झोपताना लावायचे घट्ट मलम डॉक्टरांना विचारून घ्यायचे. एवढ्यानेच सकाळ सुसह्य झालेली माणसे मी पाहिली आहेत.

मोटारसायकलचेही तसेच. सुरत-नागपूर महामार्गावर उघड्या डोळ्यांनी गाडी चालवणे म्हणजे चेहऱ्यावर अखंड झोत घेणे. हेल्मेटची काच खाली हवी, किंवा बाजूने बंद असलेला गॉगल हवा. तोंडाला स्टोल बांधणाऱ्या मुलींनी तो नाकाच्या हाडावर घट्ट बसतो ना, हे पाहावे. सैल असेल तर श्वासाची गरम हवा वर डोळ्यांतच जाते. करोनाच्या काळात मास्कमुळे हा त्रास जगभर दिसला.

मोबाइल आणि संगणकाबद्दल सर्वांनी ऐकलेले आहे, एकच सांगतो. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते, आणि लवते तीही अर्धवट. पापणी पूर्ण मिटली नाही तर कडेच्या ग्रंथींवर दाब पडत नाही, तेल बाहेर येत नाही. म्हणून कामात अधूनमधून डोळे सावकाश, पूर्ण मिटायचे आणि पडदा नजरेच्या खालच्या पातळीवर ठेवायचा. सराफ बाजारात दागिन्याच्या जोडावर नजर रोखून बसणाऱ्या कारागिरांनाही हे तितकेच लागू आहे.

तरीही डोळा खुपत राहिला की शोध सुरू होतो. आधी मेडिकलमधून एक ड्रॉप, मग शेजाऱ्याला गुण आलेला दुसरा, मग नाशिक, सुरत, मुंबई. ही धावपळ मला मनापासून सलते, कारण तिच्यात पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात आणि मूळ प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो : माझ्या डोळ्यात कमी काय आहे, तेल की पाणी?

याचे उत्तर साध्या तपासण्यांतून मिळते. त्या धुळ्या-जळगावात होतात, लांब जावे लागत नाही. पहिलीत पाच मिलिमीटर रुंदीची टिपकागदाची पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात आणि पाच मिनिटे थांबतात. पट्टीवरून ओल हळूहळू खाली उतरते. ती पाच मिलिमीटरही गेली नाही तर पाणी नक्की कमी. दहाच्या पुढे गेली तर बहुधा ठीक. ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये ही पद्धत दिली, ती अजून चालते. दुसरीत डोळ्यात नारिंगी रंग लावून निळ्या प्रकाशात पाहतात, पापणी न लववता थांबायला सांगतात. हिरवट चकाकीत काळे डाग किती सेकंदांत उमटतात, ते मोजायचे. दहा सेकंदांच्या आत डाग पडले तर थर टिकत नाही. तिसरी तपासणी सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त राहून जाणारी : पापणीची कड हलकेच दाबून पाहणे. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येते. आजारी ग्रंथीतून घट्ट, पांढुरका ऐवज येतो किंवा काहीच येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी कड दाबून पाहिली नसेल, तर आदराने विचारा.

तेलाचा दोष निघाला तर ड्रॉपच्या आधी शेक. घट्ट झालेले तेल वितळायला पापणीला सुमारे ४० अंशांची ऊब काही मिनिटे टिकून मिळावी लागते. रांजणवाडी झाली की आजी तव्यावर कापड गरम करून शेकायची, ती योग्यच करत होती. सुती रुमालाची चौपदरी घडी करायची, तव्यावर गरम करून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायची. घडी दोनेक मिनिटांत गार होते, म्हणून दोन घड्या आलटून पालटून, पाच ते दहा मिनिटे. लगेच बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच निथळायची. नंतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने कडेचा कोंडा पुसायचा. हे रोज, दोन महिने. चार दिवसांत फरक पडत नाही म्हणून सोडणाऱ्यांची संख्या फार आहे.

ड्रॉपचे सांगायचे तर, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायलुरोनेट असलेले ‘कृत्रिम अश्रू’ सुरक्षित आहेत, पहिला प्रकार जनऔषधी केंद्रातही मिळतो. एका वेळी एकच थेंब. दुसरा डोळ्यात मावत नाही, गालावर येतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावा लागत असेल तर परिरक्षक नसलेला प्रकार मागा, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी परिरक्षके पुन्हा पुन्हा पडून बुबुळाचा पृष्ठभागच दुखावतात. बाटली उघडल्यावर महिन्याने टाकून द्या. दाह जुनाट असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन देतात. ते सुरुवातीला झोंबते आणि गुण यायला तीन ते सहा महिने घेते. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्याच बाटलीनंतर ते बंद पडते.

मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असू शकते. दोन दिवसांत इतका आराम पडतो की माणूस तेच वर्षभर घालत राहतो, आणि आत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. कृपा करून चिठ्ठीशिवाय ड्रॉप घेऊ नका. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस यांतले काहीही डोळ्यात नको. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तो खर्च वाचवा.

पाण्याचाच दोष निघाला आणि सोबत तोंडही कोरडे पडत असेल, कळण्याची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर गोष्ट डोळ्यापुरती नाही. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांचे वर्णन केले; त्या आजाराला त्यांचे नाव आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उठते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो, आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून त्यांनाच आपण सर्वांत आधी गप्प करतो. त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्यायला हवे. ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्यावी. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

मोतीबिंदूनंतरच्या खुपण्याचे उत्तरही यातच आहे. शस्त्रक्रियेत बुबुळाचे काही मज्जातंतू कापले जातात, वर आठवडेच्या आठवडे ड्रॉप पडतात. बहुतेकांचे काही महिन्यांत निवळते.

आणि काही जण असे असतात की तपासणीत फारसे निघत नाही, पण वेदना खरी असते. बुबुळात मज्जातंतूंची इतकी दाटी आहे की तेच बिघडले तर डोळा ओला असूनही जळतो. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या आजाराची व्याख्या सुधारली, तेव्हा मज्जातंतूंचा बिघाडही तिच्यात घेतला. म्हणून ‘तुला काही झालेले नाही’ हे वाक्य घरात तरी कुणी उच्चारू नये. रोज, जागेपणी प्रत्येक क्षणी खुपणारा डोळा माणसाचे मन खचवतो. झोप जाते, वाचन सुटते, चारचौघांत बसणे नको होते.

एकाएकी जोराची कळ, उजेड अजिबात न सोसणे, अंधूक दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांतले काही दिसले तर शेक आणि ड्रॉप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

(पुढील भागात : वारंवार होणारी रांजणवाडी आणि मधुमेह)