अहेरी परिसरातील आशा स्वयंसेविका आणि कुर्म्याची रूढी

अहेरीच्या परिसरात गोंडी, माडिया, तेलुगू व मराठी या भाषा शेजारी नांदतात. बाहेरून आलेल्याचा आरोग्योपदेश येथे सहसा उंबऱ्याशीच थांबतो. २००५ साली आरंभलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा स्वयंसेविका त्याच गावची रहिवासी असावी असे ठरविले, त्याचे मर्म हेच होय. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गावच्याच स्त्रियांकडून नवजात अर्भकांची घरी शुश्रूषा करविली. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात-मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले.

परंतु गावची असणे म्हणजे गावच्या रूढींतही असणे. माडिया वस्त्यांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावे लागते. घरी झालेल्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सात गृहभेटी विहित आहेत. स्वयंसेविकेने कुर्मा पाळला तर एखादी भेट चुकते. मोडला तर ज्या विश्वासावर तिचे काम उभे आहे, तोच ढळतो. हा पेच तिच्या एकटीवर सोपविणे न्याय्य नव्हे. त्याचा विचार गावच्या भूमियाच्या व वडीलधाऱ्यांच्या सभेतच झाला पाहिजे.